फ्रेमवाल्याची देवयानी

लोकांचे फोटो चौकटीत बसवण्यात त्या माणसाचा जन्म गेला. लग्नातले, पदवीचे, गेलेल्यांचे मोठे करून घेतलेले, एकदा तर कुणाच्या कुत्र्याचासुद्धा. दुकान तळमजल्यावर, त्याच्यावर घर, घरावर गच्ची. दुकानाच्या मागच्या भागात एक लांब टेबल होतं. तिथे उभा राहून तो लाकडी पट्ट्या तिरक्या कापायचा, चार कोपरे जुळवायचा, काच कापायचा. काचेवर हिरकणी फिरवताना श्वास रोखून धरायचा. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी जोडलेली फ्रेम उकलून पुन्हा बसवायचा. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "अहो, राहू द्या, कोण बघतंय?" तो मान वर न करता म्हणायचा, "मी बघतोय."

गल्लीत त्याला सगळे फ्रेमवाले म्हणत. त्या घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती पुढे काउंटरवर बसायची आणि तिच्या जिभेवर दुकान चालायचं. रडत आलेल्या माणसाला ती हसवून पाठवायची. नकला तर अशा करायची की ज्याची नक्कल तोही पोट धरून हसायचा. नवऱ्याची सगळ्यात चांगली करायची: गाल फुगवून, डोळे बारीक करून, श्वास कोंडून काच कापणारा फ्रेमवाला. मागच्या टेबलावरून तो म्हणायचा, "पुरे आता." आणि मग सगळ्यांच्या मागून एकटाच हसायचा.

दोघांचं बरं चाललं होतं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. घराच्या भिंतींवर मात्र एका कॅलेंडरशिवाय काही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं.

एके दिवशी समोरच्या औषधाच्या दुकानातला केमिस्ट एक फोटो मढवायला घेऊन आला. काळ्याभोर आकाशात गुलाबी धुराचा लोट, आत सुईच्या टोकासारखे तारे.

"कुठून आणलात?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"आणला नाही. काढलाय. आमच्याच गच्चीवरून."

फ्रेमवाल्याने तो फोटो बराच वेळ हातात धरला. आजवर हजारो फोटो त्याच्या हाताखालून गेले होते, पण हेवा असा कुणाचा वाटला नव्हता. त्या दिवशी त्याच्या डोक्यात किडा शिरला.

आधी दुर्बीण आली, मग तिला ताऱ्यांच्या चालीने हळूहळू फिरवणारी मोटरची बैठक आली, आणि शेवटी केमिस्टच्या सांगण्यावरून खास आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा आला. या कॅमेऱ्याला बटण नव्हतं, पडदा नव्हता, डोळा लावायला खिडकी नव्हती. तळहातावर मावणारी एक लाल जाड डबी. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला छोटा पंखा आणि दोन वायरी. दुर्बिणीला जिथे डोळा लावतात तिथलं भिंग काढायचं, त्या जागी ही डबी आट्यांवर फिरवून बसवायची, वायर लॅपटॉपला जोडायची. मग दिसेल ते लॅपटॉपवर. कॅमेरा स्वतःला बर्फापेक्षा थंड करून घ्यायचा, कारण गरम कॅमेऱ्याच्या फोटोत नसलेले ठिपके उमटतात.

बायको म्हणाली, "हा कॅमेरा? मला वाटलं बूटपॉलिशची डबी."

पहिल्या संध्याकाळी लॅपटॉपवर नुसता काळोख आला. त्याने वायरी काढून घातल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला, पुस्तिका वाचली, घाम पुसला. बायको कपडे काढायला गच्चीवर आली होती. ती म्हणाली, "तोंडावरचं टोपण काढायचं असतं का हो?"

टोपण तसंच होतं. तो हसला नाही. एरवी सगळ्यांच्या शेवटी का होईना, हसायचा.

नंतर तारे आले, पण मेदूवड्यासारखे भोक पडलेले, कारण फोकस जुळला नव्हता. कॅमेरा नेमका किती अंतरावर बसवायचा याच्या पातळ चकत्या असतात, त्या कमीजास्त करण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या. एकदा घाईने थंड केल्यामुळे आतल्या काचेवर दव गोठलं आणि प्रत्येक ताऱ्याभोवती बुरशीसारखं वलय आलं. केमिस्ट शिकवायचा, पण कुत्र्यापुढे हाड टाकल्यासारखं. एक गोष्ट सांगायचा, दुसरी हातची राखायचा, आणि फ्रेमवाला अडला की म्हणायचा, "एवढंही कळलं नाही? कमाल आहे."

केमिस्टचं आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. रविवारी दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेत जमायचं. फ्रेमवाल्याने आपला पहिला बरा फोटो तिथे नेला. देवयानी नावाची तारकांची दीर्घिका, आपल्या आकाशगंगेची शेजारीण. फोटोत ती राखाडी डागासारखी आली होती आणि तारे आखूड रेघांसारखे ओढले गेले होते. पण फ्रेमवाला तो नुसता कसा नेणार? शिसवी रंगाची पट्टी, आत पांढऱ्या पुठ्ठ्याची किनार, चारही कोपरे एकजीव. बायकोने पिशवीत घालून दिला, म्हणाली, "ही देवयानी कोण, सवत का माझी? जपून न्या."

केमिस्टने तो फोटो दोन्ही हातांनी उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा. मग म्हणाला, "चौकट सुरेख आहे हो. आतलं काढा."

खोली हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी "चौकट" म्हणून हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. फ्रेमवाला त्यांच्याबरोबर हसायचा प्रयत्न करत होता. गाल वर गेले, डोळे गेले नाहीत. घरी परतल्यावर त्याने तो फोटो चौकटीतून काढून फाडला आणि रिकामी चौकट दुकानात विकायला लावली.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"तारे हललेत म्हणाले. घर हलतं आपलं."

तिथून सगळं फिरलं.

आकाशाचा फोटो म्हणजे एकच फोटो नसतो. कॅमेऱ्याचा डोळा दहा-दहा मिनिटं उघडा ठेवून एकेक चित्र घ्यायचं. त्यालाही फ्रेमच म्हणतात. अशा पुष्कळ फ्रेमा एकावर एक रचल्या की अंधारातून काहीतरी वर येतं. त्या दहा मिनिटांत गच्चीवर कुणी पाऊल आपटलं, जिन्यावर कुणी धावलं, तर तारा सरकतो आणि फ्रेम बिघडते. हे खरंच आहे. फ्रेमवाल्याने खोटं काही काढलं नव्हतं. पण त्या खऱ्याच्या नावाखाली त्याने घरात जे कायदे केले, ते तुरुंगात शोभले असते.

अंधार पडल्यावर पाण्याचा पंप लावायचा नाही. दार आपटायचं नाही. शिवणयंत्र चालवायचं नाही. स्वयंपाकघरातून गच्चीवर जाणाऱ्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही, ठेवलाच तर चवड्यांवर. जिन्याचा दिवा लावायचा नाही, कारण गच्चीच्या दाराच्या फटीतून उजेड दुर्बिणीवर येतो. बायको सवयीने दोनदा दिवा लावून बसली, तेव्हा त्याने बल्बच काढून टेबलाच्या खणात ठेवला. एकदा तिला जोराची शिंक आली तर वरून आवाज आला, "झालं समाधान?"

ती पहिल्यांदा याच्याही नकला करायची. गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्याकडे संध्याकाळनंतर श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागतो." हळूहळू नकला कमी झाल्या. एकदा मुलीचा फोन आला तेव्हा ती कुजबुजत बोलत होती. मुलगी म्हणाली, "आई, कुणी झोपलंय का?" ती म्हणाली, "नाही गं. बाबा जागे आहेत."

ती संध्याकाळ थंडीची होती. हवा काचेसारखी स्वच्छ. अंधार पडून फार वेळ झाला नव्हता आणि देवयानी डोक्यावर आली होती. फ्रेमवाल्याने कॅमेरा थंड केला, फोकस जुळवला, पहिली फ्रेम चालू केली आणि स्टुलावर बसला. फोन खाली ठेवला होता, त्याच्या पडद्याचा उजेड नको म्हणून.

खाली फोन वाजला. केमिस्टचा होता. बायकोने उचलला.

"वहिनी, त्यांना सांगा, आजच्यासारखी स्थिर हवा वर्षात झाली नाही. रात्रभर सोडू नका म्हणावं."

तिला वाटलं, हे ऐकून तो खूश होईल. ती फोन घेऊन निघाली. जिना काळाकुट्ट. फोनचा पडदा पेटलेला होता, त्या उजेडात पायऱ्या सहज दिसल्या असत्या. पण उजेड वर गेला तर तो ओरडेल, म्हणून तिने पडदा पोटाशी घट्ट दाबून धरला. एका हाताने भिंत चाचपत, चवड्यांवर, ती वर चढत होती. वळणाची पायरी एका बाजूला अरुंद होती. तिथे पाय अर्धा पडला आणि ती मागच्या मागे खाली स्वयंपाकघराच्या बोळात आली.

फ्रेमवाल्याने आवाज ऐकला. स्टूलसुद्धा हादरलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "अहो, मी पडले."

"आलो," तो म्हणाला. अर्धा उठला. लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकत होती, ती भरली की फ्रेम पूर्ण. निम्म्याहून जास्त राहिली होती. तो सावकाश परत बसला, स्टूल घासून आवाज होऊ नये असा. "आलो, आलो. हलू नकोस."

"पाय वेगळाच झालाय हो."

"हो. आलोच."

तो काय विचार करत होता? ती बोलते आहे, म्हणजे शुद्धीवर आहे. बोलते आहे, म्हणजे फार लागलं नसेल. आत्ता उठून धावलो तर एवढी चांगली फ्रेम जाईल. असंच काहीतरी. माणूस असल्या वेळी स्वतःशी जे बोलतो ते ऐकायला फार शहाणं वाटतं. खाली तिने आणखी एकदा हाक मारली, मग मारली नाही. पट्टी भरली. कॅमेऱ्याने आपोआप पुढची फ्रेम सुरू केली. तेव्हा तो उठला आणि जिना उतरला. सवयीने, चवड्यांवर.

ती बोळात आडवी पडली होती. फोन अजून पोटाशीच होता. त्याच्या कडेने फुटणाऱ्या उजेडात तिने त्याला उतरताना पाहिलं: आधी बोटं, मग टाच, प्रत्येक पायरीवर जपून.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याची गाडी आली, दोन माणसांनी तिला चादरीत घालून खाली नेलं, तोही बरोबर गेला. रात्र दवाखान्यात गेली. सकाळी ऑपरेशन ठरलं. नर्स म्हणाली, त्यांचे कपडे आणि चष्मा घेऊन या. तो घरी आला. कपाट खालच्या खोलीत होतं. तो आधी गच्चीवर गेला.

दुर्बीण रात्रभर देवयानीच्या मागे फिरून शेवटी आपोआप थांबली होती. लॅपटॉप चालू होता. त्याने फ्रेमा उघडल्या. एकेक फ्रेम बघत गेला आणि त्याचा श्वास कोंडला. तारे सुईच्या टोकासारखे. एकही सरकलेला नाही. गाडी निघून गेल्यावर रात्रभर त्या घरात कुणी चाललं नव्हतं, दार वाजलं नव्हतं, पंप लागला नव्हता, कुणी शिंकलं नव्हतं. हवं होतं तेवढं शांत घर त्याला एकदाचं मिळालं होतं.

वाईट होत्या त्या फक्त सुरुवातीच्या, गाडी येऊन जाईपर्यंतच्या फ्रेमा, आणि सगळ्यात वाईट पहिली. तिच्यात प्रत्येक ताऱ्याला एक छोटं शेपूट फुटलं होतं, झटका बसल्यासारखं. ज्या फ्रेमसाठी तो स्टुलावर बसून राहिला, तीच. त्याने ती क्षणभर पाहिली आणि एका बोटाने पुसून टाकली. मग खाली येऊन कपडे भरले. चष्मा विसरला.

मुलगी येऊन राहिली. बायको घरी आली तेव्हा तिची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. तो दिवसा दुकान बघायचा आणि उरलेल्या वेळात लांब टेबलावर लॅपटॉप ठेवून फ्रेमा रचायचा. चित्र वर आलं तेव्हा त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. मध्ये पिवळसर तेजाचा गोळा, त्याभोवती धुळीचे काळे पट्टे, कडेला निळी झाक. रविवारी तो फोटो मंडळात गेला. केमिस्टने तो भिंगाखाली धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला. मग टाळी वाजवली आणि सगळ्या खोलीने वाजवली.

फ्रेमवाल्याने फोटो मोठा करून मढवला आणि बाहेरच्या खोलीत आणला. मोठी भिंत तीच होती, खाटेसमोरची. खिळा ठोकण्याआधी तो जरा घुटमळला.

"लावा, लावा," बायको म्हणाली. "माझ्यासमोरच लावा."

भेटायला माणसं येऊ लागली. शेजारपाजारचे, जुनी गिऱ्हाइकं, मंडळातलेसुद्धा. पडून राहिलेल्या बाईची जीभ मात्र चालायला लागली होती. प्रत्येकाला ती म्हणायची, "आधी फोटो बघा. कसा आहे? सुंदर ना? आता तो कसा काढला ते ऐका."

आणि सांगायची. "मी म्हणते अहो, मी पडले. हे म्हणतात, हलू नकोस. मला वाटलं, किती काळजी हो! मोडलेला पाय हलवू नये म्हणून सांगतायत. नंतर कळलं, माझा पाय नाही, यांचा तारा हलू नये." मग चादरीवर दोन बोटं उभी करायची आणि ती बोटं चोरपावलांनी चालवायची. "आणि आले कसे? असे. चवड्यांवर! बायको खाली मोडून पडली आहे, आणि हे असे!" माणसं हसायची. हसता हसता त्यांचं लक्ष दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या फ्रेमवाल्याकडे जायचं आणि हसू अर्ध्यात थांबायचं. ती थांबू द्यायची नाही. "तो उजेड म्हणे पंचवीस लाख वर्षं चालत आलाय इथवर. आणि यांना जिना उतरवेना."

मुलगी एकदा म्हणाली, "आई, पुरे ना."

"का? खोटं आहे का? विचार त्यांना." आणि त्याच्याकडे वळून, "सांगा हो. खोटं बोलतेय मी?"

"नाही," तो म्हणायचा. प्रत्येक वेळी म्हणायला लावायची.

एका दुपारी केमिस्ट आला. फळांची पिशवी ठेवली, फोटोकडे पाहिलं, बाईंची सगळी कथा ऐकली. बोटांची चालही पाहिली. तो हसला नाही. त्याला खरोखर नवल वाटलं होतं.

"पण फ्रेमवाले, एकच फ्रेम ना?" तो म्हणाला. "मग उठायचं होतं की. एक बिघडली तर फेकून द्यायची. आम्ही दर रात्री कितीतरी फेकतो. विमान गेलं, फेक. वारा आला, फेक. एका फ्रेमने फोटोला काही होत नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," फ्रेमवाला म्हणाला.

केमिस्ट लवकर उठून गेला. त्यानंतर बाईने बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग तिने विचारलं, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता, "ती फ्रेम चांगली आली होती ना पण? माझ्या वेळची? ठेवलीत ना?"

तो दारात उभा होता. म्हणाला, "ठेवली."

"म्हणजे यात आहे."

"आहे."

त्या एका शब्दाने घराचं हवामान बदललं. ती गोष्ट अजून सांगायची, पण शेवट वेगळा करू लागली. "माझी हाक आहे या फोटोत," म्हणायची. "सगळे उजेड एकावर एक रचतात म्हणे. त्यातला एक थर माझ्या वेळचा. हाड मोडलं, पण वाटा मिळाला." काठावरचा एक ठिपका तिने खाटेवरूनच बोटाने दाखवला होता, तो ठिपका आपला, असं ठरवून टाकलं होतं. वॉकर घेऊन चालायला लागली तेव्हा आधी त्या भिंतीपर्यंत गेली. मुलीने पाहिलं, दोघं एका ताटलीतून सफरचंदाच्या फोडी खातायत. तिला वाटलं, मिटलं. ती निश्चिंत होऊन आपल्या घरी गेली.

बाई पुन्हा काउंटरवर बसू लागली. खाली न्यायला शेजारचे दोघं खुर्ची उचलायचे. गिऱ्हाइकं खूश झाली. एका सकाळी एक तरुण जोडपं आलं. त्यांनी नवीन दुर्बीण घेतली होती, मंडळात फोटो पाहिला होता आणि तो कुणी काढला ते बघायला मुद्दाम आले होते. फ्रेमवाला मागे काच कापत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला बघायला आलं होतं.

"सर, केवढी शांतता आहे हो त्या फोटोत," तरुण म्हणाला. "कसं जमवलंत?"

फ्रेमवाल्याने हिरकणी खाली ठेवली, हात पुसले, तोंड उघडलं.

"मी सांगते," बाई म्हणाली. आणि सुरू झाली. अहो, मी पडले. हलू नकोस. काउंटरवर दोन बोटं उभी राहिली आणि चवड्यांवर चालू लागली. जोडप्यातली मुलगी खुदकन हसली. तरुणाने हसू दाबलं आणि फ्रेमवाल्याच्या पायांकडे पाहिलं. "पण एक आहे," बाई म्हणाली, "त्यात मीपण आहे. माझा थर आहे त्यात."

"तू नाहीस त्यात," फ्रेमवाला म्हणाला.

"काय?"

"तुझी फ्रेम हलली होती. तू पडलीस, जिना हादरला, तारे ओढले गेले. वाया गेलेली होती, ती मी पुसून टाकली." त्याचा आवाज चढलेला नव्हता. वाकड्या कापलेल्या काचेबद्दल बोलावं तसा तो बोलत होता. "फोटो नंतरचा आहे. रात्रीतला. घरात कुणी नव्हतं तेव्हाचा. तू घरात नव्हतीस म्हणून तो तसा आलाय. तुझं त्यात काही नाही."

जोडपं "येतो आम्ही" असं काहीतरी पुटपुटत निघून गेलं.

बाईची बोटं अजून काउंटरवर उभी होती. तिने ती हळूच आडवी केली.

"कधी पुसलीत?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"माझे कपडे न्यायला आला होतात तेव्हा?"

"हो."

"आधी वर गेला होतात?"

"हो."

"माझा चष्मा राहिला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "ऑपरेशनला नेताना कोण कोण आजूबाजूला आहे, काही दिसत नव्हतं मला."

त्याला तिला दुखवायचं होतं, आणि ते साधलं होतं. साधल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने हिरकणी उचलली आणि काच पुढे ओढली.

त्यानंतर ती त्या घरात बोलली, पण लागेल तेवढंच. मीठ द्या. खुर्ची सरकवा. कथा बंद झाली, नक्कल बंद झाली. गिऱ्हाइकं येऊन वाट बघत उभी राहायची आणि नुसतं माप देऊन जायची. फोटोखालून जाताना ती मान वर करायची नाही. महिना संपायच्या आत मुलगी आणि जावई आले आणि तिला घेऊन गेले, हवापालट म्हणून. जाताना ती सगळ्या शेजाऱ्यांचा निरोप घेऊन, प्रत्येकाला हसवून गेली. नवऱ्याला म्हणाली, "गॅस बंद करत जा."

हवापालट संपला नाही. ती तिकडेच राहिली, काठी घेऊन चालायला लागली.

फ्रेमवाला एकटा राहतो. लोक म्हणतात, मनातून खचला असेल. तसं काही दिसत नाही. त्याचे फोटो चांगले येतात, आधीपेक्षा चांगले. मंडळात त्याला आता कुणी चौकट म्हणत नाही. केमिस्ट स्वतः त्याच्याकडे शंका विचारायला येतो आणि आता फ्रेमवालाही एक गोष्ट सांगतो, दुसरी हातची राखतो. दुकान मात्र बसलं. काउंटरवर आता कुणीच नसतं.

मधे मुलगी आईचं उरलेलं सामान न्यायला आली होती. गरम कपडे, शिवणयंत्र, दोन भांडी. त्याने सगळं दोरीने नीट बांधून दिलं, गाठी पक्क्या मारल्या. मग एक सपाट खोकं पुढे केलं. नालीदार जाड पुठ्ठ्यात गुंडाळलेला मढवलेला फोटो होता, नवाच काढलेला.

"तिच्या खोलीत लावायला," तो म्हणाला.

"नको, बाबा."

"बघून तर घे."

"नको म्हटलं ना."

त्याने खोकं भिंतीला टेकवून ठेवलं. "माझ्याबद्दल काही म्हणते का?"

मुलगी यंत्राचं झाकण लावत होती. "नाही. तिकडे सगळ्यांच्या नकला करते. माझ्या सासूबाईंची करते, डॉक्टरांची करते, ह्यांची करते. पोट दुखेपर्यंत हसवते." तिने झाकणाची कडी अडकवली. "माझा मुलगा परवा म्हणाला, आजी, आजोबांची कर ना. ती म्हणाली, ते कसे चालतात मला आठवत नाही."

त्याने यंत्र उचलून गाडीपर्यंत नेलं. मुलीने दार लावलं, काच खाली केली, "तब्येतीला जपा" म्हणाली आणि गेली. त्या संध्याकाळी ढग होते म्हणून तो गच्चीवर गेला नाही. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं, तेव्हा गेला.